गोदेच्या पुराची कथा: घाट दिसतो, माणसं दिसत नाहीत

गोदाकाठ: नाशिकच्या भांडीबाजारातल्या एका दुकानात पुराचं पाणी शिरतं, एवढ्या एका रात्रीची कथा आहे. पात्रं दोनच, दुकानदार अण्णा आणि त्यांची सून. पहिले 400 शब्द रामकुंड, नारोशंकराची घंटा, दुतोंड्या मारुती यांतच जातात. वाचणारे म्हणतात, कोण बघतंय तेच कळत नाही. काय बदलू?

शाईपेन: वर्णन काढू नका, कामाला लावा. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावर नाशिककर पूर मोजतात. मग तुमच्या अण्णांसाठी ती मूर्ती म्हणजे मोजपट्टीच. गुडघ्याला लागल्याचं कळलं की खालच्या फळीवरचे टोप वर, कमरेला लागलं की गल्ला आणि वह्या माळ्यावर. सुरुवातीला 60 शब्द पुरेत, बाकीचे पाणी चढेल तसे येऊ द्या. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं, ते कुणाच्या तरी तोंडी एकदाच.

कानामात्रा: खरी गडबड नजरेची आहे, आणि मराठीत ती क्रियापदातच उघडी पडते. ‘अण्णा दुकानात आले’ म्हटलं की सांगणारा आत उभा, ‘गेले’ म्हटलं की बाहेर. एकाच परिच्छेदात दोन्ही आली की वाचक उंबऱ्यावर अडखळतो. आदरार्थी रूपांचंही तसंच. सुनेच्या नजरेतून लिहिताना निवेदनातही ‘अण्णांनी, त्यांना’ हवं. पण ‘सून घाबरली’ चालणार नाही. ती स्वतःला सून म्हणत नाही, तिथे तिचं नाव हवं. ‘तिने पाहिलं की पाणी उंबऱ्याला लागलं’ यातलं ‘तिने पाहिलं की’ खोडा, नजर तिचीच राहते.

खर्डा छापून अण्णा आणि सून, दोघांच्या नजरेतल्या वाक्यांखाली दोन रंगांच्या रेघा मारा. प्रसंगाच्या मधेच रंग बदलला, तर तिथे चूक आहे. एका रात्रीच्या कथेला एकच डोकं पुरे, आणि मी सुनेचं घेईन. तिला पुराच्या खुणा ठाऊक नाहीत. ‘कमरेला लागलं’ ऐकताच अण्णा वह्यांकडे का धावले, हे तिच्याबरोबर वाचकालाही उमगतं.

गोदाकाठ: मग अण्णांच्या मनातलं कसं दाखवू? तिला ते कळणार नाही.

शाईपेन: ते आधी काय उचलतात, त्यावरून. गल्ला उचलला तर व्यवहारी माणूस, कुणाच्याही कथेत बसेल. नाव घालून तयार ठेवलेली, दुसऱ्याच्या रुखवताची भांडी आधी वर नेली आणि गल्ला खालीच राहिला, तर सून काही न विचारता दुसरं घंगाळ उचलेल.