‘पराधीन आहे जगती’ तेराव्याला लावणं थांबवावं का?

ओसरी: माझं मत, थांबवावं. गेल्या वर्षी वडील गेले. दवाखान्यात दोन तास डॉक्टर फिरकले नाहीत, मी नर्सच्या टेबलापाशी हात जोडून उभा होतो. तेराव्याला हेच गाणं लावलं. ‘दोष ना कुणाचा’ आलं तसा काकांनी पाठीवर हात ठेवला, “ऐकलंस ना? आपल्या हातात काही नसतं रे.” होतं ना! गदिमांचे शब्द आणि बाबूजींचा यमनकल्याण, इतकं गोड की माणूस जाब विचारायचंच विसरतो. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, तेव्हापासून आपण हेच ऐकून गप्प बसतोय.

तंबोरा: वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण गाण्यावर अन्याय करताय. हे मरणाचं गाणं नाहीच. चित्रकूटावर भरत आईला दोष देत रडतोय, त्याला राम समजावतोय. दोन ओंडक्यांची भेट, संचयाचा शेवट नाश, हे सगळं वाल्मीकींच्या अयोध्याकांडातलं. गदिमांनी ते इतक्या सोप्या मराठीत आणलं की संस्कृत न येणाऱ्या माझ्या आजीलाही पाठ होतं.

ओसरी: संदर्भ माहीत आहे. मांडवात बसलेल्यांना चित्रकूट दिसत नाही, त्यांना ‘पराधीन’ तेवढंच ऐकू येतं.

माजघर: कारण शेवटपर्यंत कुणी ऐकत नाही. चार कडवी झाली की पंगतीची हाक येते. पुढे राम काय म्हणतो? डोळे पूस. परत चल म्हणून आग्रह करू नकोस. चौदा वर्षं संपल्याशिवाय येणार नाही, त्रिवार सत्य. अयोध्येचा मान वाढव. हातपाय गाळलेला माणूस असं बोलेल? झालं त्याचा दोष कुणाला देत नाही, पण पुढचं काम दोघांना वाटून देतो.

तंबोरा: अगदी. आणि बाबूजींचा आवाज ऐका, कुठेही रडवेला होत नाही.

ओसरी: काल रात्री पूर्ण ऐकलं. माजघर, शेवटच्या कडव्यांबद्दल तुमचं पटलं. तरी राम कैकेयीला माफ करतो तो स्वतःच्या वनवासापुरता. वडिलांच्या वतीने माफी द्यायचा हक्क मला नाही. वर्षश्राद्धाला गाणं लावणार नाही. तक्रारीचा अर्ज मात्र लिहून झालाय, सोमवारी देतोय.

माजघर: अर्जाची पोच घ्या. सही-शिक्क्यासकट.