वसंतातली हातवाऱ्यांची गाणी आहेत का कुणाकडे? (लेक अडीच वर्षांची)

चिंगीची_आई

नमस्कार मंडळी, थोडी मदत हवीये. लेक अडीच वर्षांची, प्लेग्रुपला जाते, आणि या महिन्याची त्यांची थीम आहे स्प्रिंग. वर्गाच्या दारावर कागदाचे ट्युलिप आणि ससे चिकटवलेत आणि बाहेर बघावं तर पुण्यातलं मार्चचं ऊन, सोसायटीतल्या काटेसावरीची लाल फुलं गाड्यांच्या टपावर धपाधप पडतायत आणि वॉचमनकाका रोज झाडाच्या नावाने बोटं मोडतायत. प्रत्येक मुलाने एक अ‍ॅक्शन साँग म्हणायचंय, मराठी चालेल म्हणाल्या टीचर, मला वाटलं सोप्पंय. पण आठवायला बसले तर सगळं पावसाचंच! मग चांदोबा, चिऊ, काऊ. वसंतावर एक ओळ आठवेल तर शपथ.

हातवारे मस्ट आहेत, कारण ही बया नुसतं गाणं ऐकून घेत नाही. 'आपडी थापडी' आणि 'इथे इथे बस रे मोरा' रोजचं आहे, मोराला चारा घालताना तळहातावर बोट टोचून टोचून माझा हात लाल करते. गाणाऱ्या कोकिळेवर वगैरे काही असेल ना?

बालवाडीताई_निवृत्त

अगं तुला आठवत नाहीये कारण मुळात फारसं नाहीच आहे. २६ वर्षं बालवाडी घेतली, दर वर्षी हीच पंचाईत. आपली खेळगाणी बघ कधीची, श्रावणात मंगळागौर, पुढे नवरात्रात भोंडला. चैत्रात गौर झोपाळ्यावर बसते खरी, तृतीयेपासून ते अक्षय्य तृतीयेपर्यंत, पण ते सगळं बायकांचं, हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हं. पोरं तेव्हा कैऱ्या पाडत हिंडतात, त्यांना गाणं म्हणायला वेळ कुठला.

आणि ती गाणारी कोकिळा म्हणजे खरं तर कोकीळ हं, तो काळा कुळकुळीत नर. मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची, ती कुहूकुहू करत नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडं घालायच्या तयारीत असते. तरी गाणी सगळी तिच्या नावावर!

पण मी मुलांना कोकिळेपेक्षा तांबट द्यायचे. तांबट पक्षी माहितीये ना, हिरवा, चिमणीहून जरा मोठा, कपाळावर लाल टिळा, गळा पिवळा. ऊन तापायला लागलं की दिवसभर टुक टुक टुक टुक, एका सुरात, दम न खाता. भांडं ठोकल्यासारखा आवाज, म्हणून तांबट. तू पुण्यात आहेस तर कसबा पेठेत तांबट आळीत घेऊन जा तिला एकदा, तांब्याचं भांडं मठारताना बघू दे आणि मग घरी येऊन झाडावरचा ऐकव, तिच्या डोक्यात लगेच बसेल. हे मीच जुळवलेलं, चाल काही नाही, नुसता ठेका:

टुक टुक तांबट, हातोडा कुठंय?
झाडावर बसलास, दुकान कुठंय?
भांडं घडेना, खपेना,
टुक टुक काही संपेना!

मुठीवर मूठ आपटायची, आधी सावकाश मग भराभर, आणि "संपेना"ला दोन्ही हात मागे लपवायचे. हात मागे गेले की एकदम शांतता, तेवढ्यात खरा तांबट बाहेर ओरडला की मुलं जी खिदळतात.

हापूस_आणि_मी

रत्नागिरीकडून हजेरी. ताईंशी सहमत, पण गाणं नाही म्हणून अडायचं कशाला, आमच्याकडे शब्द तयार आहेत. आंबा किती धरलाय हे बागायतदार कसं सांगतात माहितीये का, वाटाण्याएवढा झाला, गोटीएवढा झाला, सुपारीएवढा झाला. फवारणीचं वेळापत्रकसुद्धा याच मापांवर. मी पुतण्याला हेच बोटांवर शिकवलं. करंगळी मोहर, तिच्याशेजारचं वाटाणा, मधलं गोटी, तर्जनी सुपारी आणि अंगठा म्हणजे आंबा, तो आला की दोन हातांत धरून चोखायचा (आवाज काढून, आईने रागवेपर्यंत).

आता खरी गंमत. मोहराला आपण फुंकर मारायची, "ढग आले, मोहर गळला" आणि करंगळी मिटायची. मग पोराने ती परत उघडायची नि सगळं पहिल्यापासून. पुतण्याला गळणंच जास्त आवडतं, दहादा मोहर गाळतो. माझ्या वडलांना तो खेळ बघवत नाही, ते उठून पडवीत जातात 😀

शिमगा_फॅन

सगळे एवढे विचार करतायत पण "होळी रे होळी पुरणाची पोळी" विसरलात की काय?? फाल्गुन पौर्णिमा, बाहेर पळस फुललेला, याहून वसंत काय असतो. आणि हातवारा? तोंडावर हात आपटून बोंब!! अडीच वर्षांच्या पोराला पाच सेकंदांत येतं, शिकवावं लागत नाही, उलट थांबवावं लागतं.

बालवाडीताई_निवृत्त

@शिमगा_फॅन बोंब घरी ठीक आहे हो, वर्गात वीस जणांनी एकदम सुरू केली की काय होतं ते मी भोगलंय. चिंगीची आई, पाडव्याचंही एक देते. डावा हात कोपरातून ताठ उभा, ती काठी. उजवी मूठ त्यावर ठेवायची, तो तांब्या, पालथा. मग उजवी बोटं खाली आणून सळसळ हलवायची, तो कडुलिंब.

उंच काठी, उंच माथा,
वर बसला तांब्या पालथा,
लिंबाची फांदी हलते,
गाठीला कोण भुलते?

"कोण भुलते"ला गळ्याशी गुदगुल्या. मुलगा असेल तर हलतो-भुलतो करावं लागेल आणि फांदीचा पाला करावा लागेल, म्हणून दोन्ही पाठ ठेव. खरी गाठी मात्र हातात देऊ नकोस, साखरेचा खडा घशात अडकतो, भिंतीवर लटकवलेली दाखव.

श्टुटगार्टचा_बाबा

आमच्याकडे वसंत खरोखर येतो राव, चार महिने करडं आभाळ आणि मग एका आठवड्यात सगळं पिवळं. तांबट नाही पण या दिवसांत सुतारपक्षी सुक्या खोडावर ड्रम वाजवल्यासारखा टकटकतो, त्यामुळे ताईंचं गाणं जसंच्या तसं चाललं, फक्त टुक टुकचं टक टक झालं. ट्रॅममध्ये म्हणत होतो, समोरच्या आजीबाईंनी पण मुठी आपटल्या. अर्थ कळला नसणार, ठेका कळला.

चिंगीची_आई

अपडेट देते. ताई, तांबट शिकवला, दोन दिवसांत पाठ. तांबट आळीत रविवारी नेलं, अर्धी दुकानं बंद पण एका काकांनी हिच्यासाठी मुद्दाम दोन ठोके मारून दाखवले, तेव्हापासून घरातली सगळी भांडी धोक्यात आहेत. आंब्याचं पण आवडलंय, फक्त मोहर गळायला ही सपशेल नकार देते, मी फुंकर मारली की करंगळी दुसऱ्या मुठीत धरून बसते.

आज कार्यक्रम होता. स्टेजवर गेली, ससे-ट्युलिपवाल्या पडद्यासमोर उभी राहिली, मी खालून मुठी दाखवतेय, टुक टुक, टुक टुक. तिने माझ्याकडे बघितलं, माइककडे बघितलं, तोंडावर हात नेला आणि बोंब ठोकली. मागची सगळी लाइन सुरू. @शिमगा_फॅन, हिच्या बाबाने तुमची कमेंट वाचली होती, एवढंच सांगते.