इंधन सारखंच, कार्बनचा हिशोब वेगळा
कॅलिफोर्नियाचं लो कार्बन फ्युएल स्टँडर्ड, म्हणजे इंधनामागचा कार्बन टप्प्याटप्प्याने कमी करायला लावणारा नियम, हा पेट्रोलवरचा छुपा टॅक्सच आहे असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. टॅक्स सरकारच्या तिजोरीत जातो, इथे जास्त कार्बनवालं इंधन विकणारी कंपनी कमी कार्बनवाल्याकडून क्रेडिट विकत घेते, एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडची बचत. पंपावर भार येतो हे मात्र खरंय.

पण खरी मेख मोजणीत आहे. नुसता सायलेन्सरचा धूर नाही बघत, तेल विहिरीतून किंवा शेतातून निघाल्यापासून गाडीत जळेपर्यंतचा सगळा हिशोब धरतात, दर मेगाज्यूल ऊर्जेमागे किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असा. म्हणजे बघा, हॉटेलात तळून उरलेल्या तेलाचं रिन्यूएबल डिझेल आणि सोयाबीन तेलाचं, ट्रकच्या टाकीत दोन्ही सारखीच, पण पहिल्याला क्रेडिट जास्त, कारण सोयाबीनमागे खत, ट्रॅक्टर, जमीन सगळं लागलेलं असतं.

कॅलिफोर्नियात हे २०११ ला सुरू झालं, मग अमेरिकेतलीच ओरेगॉन (२०१६) आणि वॉशिंग्टन (२०२३) ही राज्यं, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातही असंच आहे.

माझी काळजी वेगळीच आहे. रिन्यूएबल डिझेल इतकं आलं, त्याची क्रेडिटं इतकी झाली, की क्रेडिटचा भाव, जो २०२० मध्ये २०० डॉलरच्या आसपास होता, तो २०२४ पर्यंत निम्म्याच्याही खाली आला, आणि एवढ्या पडलेल्या भावात, क्रेडिट विकून कमावणारा इलेक्ट्रिक गाड्यांचा चार्जिंग स्टेशनवाला पैसे का घालेल हो? म्हणूनच इंधनामागचा कार्बन कमी करण्याचं कॅलिफोर्नियाचं २०३० चं टार्गेट २० वरून ३० टक्के केलं ते मला योग्य वाटतं, पण खाद्यतेलाच्या पिकांवर कडक मर्यादाही हवी.