'आल्बुकर्क' युद्धनौकेचे अवशेष पाण्याखाली बघता येतात का?

नवा_पाणबुड्या: स्कूबाचं ओपन वॉटर (प्राथमिक) सर्टिफिकेट आहे, पण समुद्रातल्या डाइव्ह मोजक्याच. 'आफोन्सो द आल्बुकर्क' ही पोर्तुगीज युद्धनौका १९६१ साली गोव्यात बांबोळीपाशी उथळ पाण्यात रुतली होती. जानेवारीत तिथे उतरता येईल का? नाहीतर दुसरं काय बघावं?

झुआरीकाठ: ती आता तिथे नाही हो. १८ डिसेंबर १९६१ ला 'बेतवा' आणि 'ब्यास' या भारतीय युद्धनौकांशी चकमक झाल्यावर ती किनाऱ्याला लावली गेली. पुढे ओढून मुंबईला नेली आणि भंगारात निघाली. बांबोळीला उतरलात तर वाळू आणि गढूळ पाणी! ग्रांडे बेटाजवळचं 'सूझीज रेक' बघा (रेक म्हणजे बुडालेलं जहाज). ते मालवाहू जहाज आहे, कोणी युद्धनौका म्हणून दाखवलं तर मान डोलावू नका. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात वगैरे सापडले ते सुंची रीफला, म्हणजे तिथल्या खडकाळ भागात बुडालेल्या दुसऱ्या जहाजाजवळ. ते जहाज सतराव्या शतकातलं.

भांगाची_भरती: तारीख सुट्टी बघून नको, तिथी बघून ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त, तळचा गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो (भरती-ओहोटीचा जोर कमी), तेव्हा पाणी त्यातल्या त्यात निवळ. भरतीचा शेवटचा तास साधा. ओहोटी लागली की झुआरी नदीचं गढूळ पाणी बाहेर येतं. आणि सकाळीच निघा. दुपारी खारे वारे सुटले की लाटा उठतात आणि बोटीत चढताना शिडी हातातून निसटते.

शिसं_दोन_किलो: उथळ रेकवर बहुतेकांची फजिती वजनामुळे होते, म्हणजे खाली राहायला कंबरेला बांधतात त्या शिशामुळे. स्विमिंग पूलमध्ये जमवलेलं वजन खाऱ्या पाण्यात पुरत नाही, साधारण दोन किलो वाढवावं लागतं. त्यात ११ लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर २०० बारवरून (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) ५० वर आला की हवाच दोनेक किलोने कमी झालेली असते. पाच मीटरवर मग माणूस बुचासारखा वर येतो आणि तोल सावरायला गंजलेला पत्रा धरतो. त्याची कड ब्लेडसारखी असते, शिवाय खाली स्कॉर्पियनफिश दगड होऊन बसलेला! म्हणून तपासणी ५० बार उरलेल्या सिलिंडरवर करा: पृष्ठभागावर तरंगताना हवा भरायचं जॅकेट रिकामं, छाती अर्धी भरून श्वास रोखलेला, पाणी डोळ्यांच्या रेषेत. पायातले फिन बेडकासारखे बाजूला मारा. अडकलेली जाळी सोडवायला छोटी कात्री हवीच.

झुआरीकाठ: आणि खिळासुद्धा उचलू नका. कायद्याचं आहेच, पण खारं पाणी मुरलेलं लोखंड हवेत सुकलं की पापुद्रे सुटून भुगा होतं. परतीचं विमान असेल तर शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास तरी जाऊ द्या.