आतडं फुटलेल्या पेशंटला बुरशीचं औषध रिपोर्टच्या आधी द्यावं का?

जिल्ह्याच्या ठिकाणचा सर्जन
गेल्या महिन्यात एक शेतमजूर आला. गुडघ्यांसाठी मेडिकलवरून आणलेल्या गोळ्या रिकाम्या पोटी खायचा. अल्सर फुटला, तीन दिवस घरीच काढले. भोकावर ओमेंटमचा (पोटातल्या चरबीच्या पडद्याचा) पॅच लावला, पोट धुतलं. पाचव्या दिवशी पॅच गळला, पुन्हा पोट उघडलं. आतड्यांवर साय धरावी तसा पांढरा थर होता. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात त्या झटपट तपासणीत, यीस्टच्या (एकपेशी बुरशीच्या) कळ्या स्पष्ट दिसत होत्या. कॅन्डिडा या यीस्टची नेमकी जात कल्चरमध्ये कळेपर्यंत थांबायचं ठरलं. जात कळली तेव्हा माणूस गेला होता.

जठर किंवा ड्युओडिनममधलं (लहान आतड्याच्या सुरुवातीचं) भोक, त्यात गळती, दुसरं ऑपरेशन आणि ढासळणारं बीपी असेल, तर औषध त्याच रात्री सुरू व्हावं, असं माझं ठाम मत आहे.

मायक्रोबायोलॉजिस्ट
डॉक्टर, वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या एका पेशंटवरून नियम करू नका. कॅन्डिडा निरोगी माणसाच्या आतड्यातही असतो, आतडं फुटलं की तो पोटात सांडणारच. माझ्याकडे रोज चार-चार दिवस जुन्या ड्रेनच्या (पोटातला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीच्या) पिशवीतलं पाणी येतं. चोवीस तास उलटलेल्या ड्रेनमधल्या कॅन्डिडाला आजार म्हणताच येत नाही, तरी त्यावर औषधं चालू होतात.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या इन्टेन्स चाचणीत पोटात संसर्ग झालेल्या सर्जरीच्या पेशंटना आधीच मायकाफंजिन हे बुरशीचं औषध दिलं. तरी ११.१ टक्के लोकांना खोलवरचा कॅन्डिडा झाला, नुसत्या प्लासीबोवर (औषध नसलेल्या डोसवर) ८.९ टक्के. फायदा कुठे आहे? आणि उगाच वापरलेल्या औषधांवर पोसलेले ग्लॅब्राटा, ऑरिस, हे औषधांना दाद न देणारे कॅन्डिडाचे प्रकार, उद्या तुमच्याच आयसीयूत येतील.

जिल्ह्याच्या ठिकाणचा सर्जन
मॅडम, त्याच चाचणीच्या संशोधकांनी म्हटलंय की औषध कदाचित उशिरा सुरू झालं. १९९९ चा स्विस अभ्यास बघा. वारंवार भोक पडणाऱ्या किंवा आतड्याचा शिवलेला जोड गळणाऱ्या पेशंटमध्ये फ्लुकोनॅझोल या बुरशीच्या औषधावर २३ पैकी एकाला कॅन्डिडाचा पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग) झाला, प्लासीबोवर २० पैकी सात जणांना. माझा पेशंट नेमका याच गटातला. ब्लड कल्चरची वाट बघा म्हणाल, तर पोटातल्या कॅन्डिडात ते बहुतेक वेळा निगेटिव्हच येतं.

मायक्रोबायोलॉजिस्ट
४३ पेशंटांवर धोरण ठरवायचं? तेही आजार होऊ नये म्हणून दिलेलं औषध होतं.

एका पेशंटची मुलगी
मध्येच बोलते, माफ करा. बाबांना असंच झालं होतं. नर्सने चिठ्ठी दिली, "हे इंजेक्शन आणा." एकेक व्हायल हजारोंची, रोज एक. दहाव्या दिवशी काकाने ट्रॅक्टर गहाण टाकला. ते बुरशीचं औषध आहे हे मला बिलावरचं नाव शोधल्यावर कळलं. बाबा वाचले, औषधाला मी नावं ठेवत नाही. पण ते कधी थांबणार हे पहिल्या दिवशीच सांगा. "सुरू करू, मग बघू" यातलं 'मग बघू' आम्ही भरतो.

आयसीयू फिजिशियन
ताईंचं म्हणणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मी सर्जनच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर. गळती चालू असेल तर कुठलंही इंजेक्शन काम करणार नाही. कॅस्पोफंजिनसारखी बुरशीची औषधं पोटातल्या द्रवात मुळातच कमी उतरतात. आधी नळ बंद करा, मग फरशी पुसा. सुरू करतानाच केसपेपरवर लिहा की पाचव्या दिवशी फेरविचार. बीटा-डी-ग्लुकनची (रक्तात बुरशीचा अंश शोधणाऱ्या तपासणीची) सोय असेल आणि ती निगेटिव्ह आली, तर थांबवायला घाबरू नका.

मायक्रोबायोलॉजिस्ट
एवढं मला मान्य आहे. पण सॅम्पल ऑपरेशन टेबलवरच, सिरिंजमध्ये भरून घ्या. ड्रेनची पिशवी नको, कोरडा स्वॅब नको. ग्रॅम स्टेन तासाभरात बघून मी फोनवर सांगते, रात्री दोन वाजता असला तरी. यीस्ट नाही म्हटलं तर मात्र सुरू करू नका.

जिल्ह्याच्या ठिकाणचा सर्जन
शेवटचं पटत नाही. स्टेनमध्ये न दिसलेला कॅन्डिडा कल्चरमध्ये उगवलेला मी पाहिलाय. बीपी पडत असेल तर मी सुरू करीनच. सिरिंजचं उद्यापासून. ओटीच्या ट्रॉलीवर वीस एमएलच्या दोन वेगळ्या काढून ठेवायला सिस्टरना आत्ताच सांगितलंय.