टीटी शर्यत एका दिवसात पाहण्याबाबत मदत हवी आहे
आईल ऑफ मॅन या बेटावरची टीटी (टुरिस्ट ट्रॉफी) ही मोटारसायकल शर्यत पाहण्यासाठी स्वतःची मोटारसायकल बोटीने तिथल्या डग्लस या बंदराच्या शहरात नेऊन त्याच दिवशी परतण्याचा माझा विचार आहे. सुमारे ६० किलोमीटरचा हा मार्ग सार्वजनिक रस्त्यांचाच असल्याने शर्यतीपूर्वी ते बंद होतात. त्यातच हवामानामुळे शर्यत लांबली (डोंगरावरचे धुके त्यासाठी प्रसिद्धच आहे), तर परतीची बोट चुकेल अशी धास्ती वाटते. अशा स्थितीत डग्लसपासून दूरच्या बॅलाफ पुलावरून गाड्या हवेत झेपावताना पाहण्याचा मोह सोडून, डग्लसमधीलच ब्रे हिल हा उताराचा रस्ता निवडणे शहाणपणाचे ठरेल का? रस्ते बंद असतानाही बंदराकडे जाता यावे, यासाठी मोटारसायकल नेमकी कोठे उभी करावी, हे प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.