लाकडी फरशीच्या कडा वर आल्या आहेत. मशीनने घासून घ्यावी का?

प्रश्न

आमच्या बैठकीच्या खोलीत ओकच्या फळ्यांची फरशी आहे. घर घेतल्यापासून मी ती दगडी फरशीसारखीच, म्हणजे बादलीभर पाण्यात थोडे व्हिनेगर घालून रोज पुसत आले. आता तिची चकाकी गेली आहे, फळ्यांच्या कडा मधल्या भागापेक्षा किंचित वर आल्या आहेत (अनवाणी चालताना तळपायाला स्पष्ट जाणवतात) आणि जिथे कुंडी होती तिथे काळे वर्तुळ उमटले आहे. मशीनने घासून नव्याने पॉलिश करून घ्यावे, असे घरच्यांचे म्हणणे आहे. ते आताच करावे का?

प्रतिसाद १

आताच मशीन लावू नये. सांध्यांतून झिरपलेले पाणी खाली साचल्याने फळीचा तळ वरच्या बाजूपेक्षा अधिक ओला होतो, आणि लाकूड लांबीपेक्षा रुंदीत कितीतरी जास्त फुगत असल्यामुळे फळी पसरट पन्हळीसारखी होते. याच अवस्थेत ती घासली, तर वर आलेल्या कडा छाटल्या जातात, आणि पुढे लाकूड वाळून सरळ झाले की त्याच कडा खाली जाऊन मधोमध उंचवटा राहतो. तेव्हा ओले पुसणे थांबवा, खोलीतील सापेक्ष आर्द्रता साधारण ३५ ते ५५ टक्के राहील असे पाहा आणि काही महिने थांबा. दोष फार वाढलेला नसेल, तर कडा बऱ्याचदा आपोआप बसतात.

व्हिनेगर मात्र कायमचे बंद करा. ते आम्ल आहे आणि रोजच्या वापराने लाकडावरचा पॉलिशचा थर निस्तेज करते. घरगुती म्हणजे निरुपद्रवी, हा समज लाकडाच्या बाबतीत महागात पडतो. वाफेचा मॉप तर त्याहून वाईट.

प्रतिसाद २

काळ्या डागाविषयी लिहितो. ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य असते. ओलाव्याबरोबर लोहाचा अंश त्याला भेटला की शाईसारखा काळा रंग तयार होतो. कुंडीखाली लोखंडी बैठक किंवा उघडा खिळा होता का, ते आठवून पाहा. असा डाग पुसून जात नाही. त्या जागेचा वरचा थर काढून उघड्या लाकडावर ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण लावावे लागते. ते विषारी असल्याने हातमोजे व चष्मा हवाच, शिवाय वाळलेली भुकटी श्वासावाटे जाऊ देऊ नये. डाग पांढरट असता, तर ओल केवळ वरच्या थरातच अडकली आहे असे समजून मी निर्धास्त राहिलो असतो.

फरशीवर दोन-तीन ठिकाणी पाण्याचा एकेक थेंब टाकून काय होते, तेही कळवा.

प्रश्नकर्ती

कुंडीची बैठक लोखंडीच होती! थेंब टाकून पाहिले. कोपऱ्यात तो दहा मिनिटे मण्यासारखा उभा राहिला. दाराजवळच्या वाटेवर मात्र जिरला आणि तिथले लाकूड गडद झाले. मग रोज पुसायचे तरी कशाने?

प्रतिसाद ३

म्हणजे पॉलिशचा (बहुधा पॉलियुरेथेन या पारदर्शक लेपाचा) थर वाटेवर झिजून लाकूड उघडे पडले आहे, इतरत्र तो शाबूत आहे. थर नुसता मंद झालेला असतानाच तो हलका खरवडून वर नवा हात दिला असता, तर पूर्ण घासाई टळली असती. आता वाटेपुरती तरी ती करावी लागेल, पण कडा बसल्यावरच. त्याआधी उंबरठ्याची पट्टी काढून फळीची कड तपासा. फळी सबंध ओकची नसून प्लायवर चिकटवलेला ओकचा थर दोन-तीन मिलिमीटरच असेल, तर घासाई जेमतेम एकदा सोसेल, कदाचित तीही नाही.

रोज मायक्रोफायबरच्या कोरड्या मॉपने केर काढा, कारण बुटांबरोबर येणारी रेती पायाखाली घासकागदासारखे काम करते. व्हॅक्यूम क्लीनर वापरत असाल, तर त्याचा फिरता ब्रश बंद ठेवा. डाग दिसला तरच फडका ओला करून घट्ट पिळा; त्याची ओल मिनिटभरात उडाली नाही, तर तो अजून पिळायला हवा होता असे समजा. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावा आणि त्या अधूनमधून उलटून पाहा. त्यांत रुतलेला एखादा खडा चकती नसण्यापेक्षाही वाईट चरे पाडतो.